भारतातील मताधिकाराचा इतिहास

भारतातील मताधिकाराचा इतिहास हा मालमत्ता, करभरणा, शिक्षण, धर्म आणि लिंग यांच्या अटींनी बांधलेल्या मर्यादित हक्कापासून सार्वत्रिक प्रौढ मताधिकारापर्यंतच्या सुमारे आठ दशकांच्या वाटचालीचा आणि त्यानंतर त्या हक्काच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीचा इतिहास आहे. ब्रिटिश अमलाखालील नगरपालिकांत करदात्यांना मत देण्याचा हक्क मिळाला तेथून या वाटचालीचा आरंभ मानला जातो. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, स्त्री-पुरुष, जात, धर्म, संपत्ती वा साक्षरता असा कोणताही भेद न करता, मताधिकार दिला. १९८९ मध्ये ही वयोमर्यादा १८ वर्षांवर आणण्यात आली.

पाश्चात्त्य देशांत मताधिकार टप्प्याटप्प्याने, वर्गामागून वर्गाला मिळत गेला. फ्रान्समध्ये स्त्रियांना तो १९४४ मध्ये, तर स्वित्झर्लंडमध्ये संघराज्याच्या पातळीवर १९७१ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीयांना तो व्यवहारात मिळण्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतर हा हक्क सर्व प्रौढांना एकाच वेळी मिळाला. तो मिळाला त्या वेळी देशातील साक्षरतेचे प्रमाण १९५१ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ टक्के, तर स्त्रियांमधील प्रमाण ९ टक्क्यांहूनही कमी होते.

करदात्यांचा हक्क (१८७२–१९०८)

मतदानाचा हक्क प्रथम शहरांच्या कारभारात आला. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महानगरपालिकेची पुनर्रचना झाली आणि तिच्या ६४ सदस्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावेत अशी तरतूद करण्यात आली. या सुधारणेसाठी झालेल्या चळवळीत फिरोजशहा मेहता हे प्रमुख होते. येथे मतदार म्हणजे विशिष्ट रकमेहून अधिक कर भरणारा पुरुष होता. गिरणीत राबणारा कामगार किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा हमाल त्यात बसत नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांत लोकनियुक्त सदस्यांचे बहुमत असावे हे तत्त्व मांडले. त्यामागे कारभाराच्या सोयीइतकाच लोकांच्या राजकीय शिक्षणाचा हेतू होता.

कायदेमंडळांच्या बाबतीत सरकारने अधिक सावध धोरण ठेवले. १८९२ च्या कायद्यान्वये नगरपालिका, जिल्हा मंडळे, विद्यापीठे, व्यापारी संघ यांनी नावे सुचवावीत आणि सरकारने त्यांची नेमणूक करावी अशी पद्धत सुरू झाली. व्यवहारात ही अप्रत्यक्ष निवडणूकच होती. तथापि कायद्याच्या मजकुरात ‘निवडणूक’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळण्यात आला होता.

मोर्ले-मिंटो सुधारणा आणि विभक्त मतदारसंघ (१९०९)

१९०९ च्या कायद्याने कायदेमंडळांसाठी निवडणुकीचे तत्त्व उघडपणे मान्य केले. त्याचबरोबर मुस्लिम मतदारांसाठी विभक्त मतदारसंघही निर्माण केले. आगाखान यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने १ ऑक्टोबर १९०६ रोजी सिमला येथे व्हाइसरॉय मिंटो यांची भेट घेऊन ही मागणी केली होती. विभक्त मतदारसंघात मतदार आणि उमेदवार दोघेही एकाच समाजाचे असत. राखीव जागेच्या पद्धतीत मात्र उमेदवार विशिष्ट समाजाचा असतो आणि त्याला मत सर्वजण देतात. पुढील चाळीस वर्षांतील मताधिकारविषयक बहुतेक वाद या भेदाभोवती फिरत राहिले. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही मुस्लिम लीगशी समझोता करताना विभक्त मतदारसंघ स्वीकारले.

साउथबरो समिती आणि १९१९ चा कायदा

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. मत कोणाला द्यावे हे ठरवण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या समितीपुढे मुंबईत जानेवारी १९१९ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक भीमराव रामजी आंबेडकर यांची साक्ष झाली. अस्पृश्य समाजाकडे मालमत्ता नाही आणि ती मिळवण्याचे मार्ग जातिव्यवस्थेने बंद केले आहेत; अशा स्थितीत मालमत्तेची अट समान ठेवणे म्हणजे त्या समाजाला कायमचे मतदार यादीबाहेर ठेवणे होय, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. मताधिकार हे राजकीय शिक्षणाचे फळ नव्हे, ते शिक्षण देणारे साधन आहे, हा विचारही त्यांनी मांडला. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शिथिल करावी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे, अशी त्यांची मागणी होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या समितीपुढे साक्ष दिली.

१९१९ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांसाठी सुमारे ५० लाख, तर मध्यवर्ती विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी सुमारे ९ लाख मतदार निर्माण झाले. शेतसारा, घराचे भाडे, आयकर किंवा सैन्यातील सेवा यांपैकी एखाद्या निकषावर नाव यादीत येई. किमान रक्कम प्रांतागणिक वेगळी असल्यामुळे एका प्रांतात मतदार ठरणारा शेतकरी दुसऱ्या प्रांतात मतदार ठरत नसे. मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा संयुक्त मतदारसंघांत राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मणेतर चळवळीच्या मागण्यांचा हा परिणाम होता आणि त्या चळवळीला कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे पाठबळ होते. अस्पृश्य समाजाला मात्र निवडणुकीऐवजी सरकारी नेमणुकीवरच समाधान मानावे लागले. मुंबई कायदेमंडळावर १९२६ च्या अखेरीस आंबेडकरांची झालेली नियुक्ती याच पद्धतीची होती.

स्त्रियांचा मताधिकार

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रास येथे मॉन्टेग्यू यांना भेटले. मूळच्या आयरिश असलेल्या कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांचा या भेटीच्या आखणीत मोठा वाटा होता. पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल त्याच अटींवर ते स्त्रियांनाही मिळावे, एवढीच शिष्टमंडळाची मागणी होती. साउथबरो समितीने भारतीय समाज त्यासाठी तयार नसल्याचे कारण देऊन ती फेटाळली. पुढे ब्रिटिश संसदेने हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला.

त्रावणकोर संस्थानाने १९२० मध्ये आणि मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठवली. दशकाच्या अखेरीपर्यंत इतर प्रांतांनीही तसे केले. मद्रास कायदेमंडळात १९२७ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची सदस्य म्हणून नेमणूक झाली आणि त्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परिषदेचा आरंभ शिक्षणाच्या प्रश्नाने झाला असला, तरी लवकरच मताधिकार हा तिच्या कार्याचा महत्त्वाचा भाग बनला.

बंदी उठली तरी मालमत्तेची अट कायम होती. जमीन व घर बहुधा पुरुषाच्या नावावर असल्यामुळे स्त्री-मतदारांची संख्या अत्यल्प राहिली. यावर उपाय म्हणून १९३५ च्या कायद्यात मालमत्ताधारक पुरुषाच्या पत्नीला किंवा विधवेला, तसेच साक्षर स्त्रीला मताधिकार देण्याची तरतूद करण्यात आली. काही प्रांतांत पत्नी म्हणून हक्क मिळणाऱ्या स्त्रीला यादीत नाव येण्यासाठी स्वतः अर्ज करावा लागे. स्त्रीचा नागरी हक्क तिच्या विवाहावर अवलंबून ठेवण्यास प्रमुख महिला संघटनांनी विरोध केला. राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम हमीद अली या नेत्यांनी लंडनपर्यंत हे म्हणणे मांडले. पत्नीत्वाची अट नको, विभक्त मतदारसंघ नकोत आणि मत सर्व प्रौढांना द्यावे, ही त्यांची भूमिका होती. ती त्या वेळी मान्य झाली नाही.

प्रौढ मताधिकाराची मागणी आणि पुणे करार

१९२८ च्या नेहरू अहवालाने २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताधिकार असावा अशी शिफारस केली. त्याच वर्षी आंबेडकरांनी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तो मिळणार असेल तर अस्पृश्यांना संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा चालतील. न मिळाल्यास विभक्त मतदारसंघ द्यावे लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १९३१ मध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात प्रौढ मताधिकाराचा समावेश झाला. १९३२ मध्ये लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखालील मताधिकार समितीने मात्र एवढ्या मोठ्या मतदारवर्गाचे मतदान घेणे प्रशासनाला शक्य होणार नाही, या कारणास्तव ही मागणी तत्काळ स्वीकारली नाही. आंबेडकर या समितीचे सदस्य होते.

१६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना विशेष मतदारसंघांत एक व सर्वसाधारण मतदारसंघांत एक अशी दोन मते देण्यात आली होती. या तरतुदीविरुद्ध महात्मा गांधींनी २० सप्टेंबर रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. २४ सप्टेंबर रोजी झालेल्या पुणे कराराने विभक्त मतदारसंघांची तरतूद रद्द झाली आणि त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखून ठेवण्यात आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी प्रथम अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावेत आणि नंतर त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकास निवडून द्यावे, अशी दुहेरी पद्धत ठरली. जागांची संख्या निवाड्यातील संख्येच्या सुमारे दुप्पट झाली, पण अंतिम निवडीवर सवर्ण मतदारांचे वर्चस्व राहील हा आक्षेपही तेव्हापासूनच घेतला जात आहे. गांधींच्या प्राणांच्या दडपणाखाली हा करार झाला असे आंबेडकरांनी पुढील काळात वारंवार नमूद केले.

१९३५ च्या कायद्यामुळे मतदारांची संख्या तीन कोटींहून अधिक झाली. तरीही ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहून कमीच होती. या मतदारवर्गाने १९३७ व १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदान केले आणि १९४६ मध्ये निवडून आलेल्या प्रांतिक सभासदांनी संविधान सभेची निवड केली. अशा रीतीने सार्वत्रिक मताधिकार देणारी सभा स्वतः मर्यादित मताधिकारातून अप्रत्यक्षपणे निवडली गेली होती.

संस्थानी मुलखांत चित्र निरनिराळे होते. बहुसंख्य संस्थानांत लोकप्रतिनिधींच्या सभा नव्हत्या किंवा त्या केवळ सल्लागार स्वरूपाच्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रातील औंध हे लहानसे संस्थान याला अपवाद होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून गावपंचायतींच्या पायावर उभारलेल्या प्रतिनिधिसभेकडे राज्यकारभार सोपवला.

संविधान सभेतील निर्णय

१९४७ मध्ये मूलभूत हक्कांविषयीच्या उपसमितीत मताधिकार हा मूलभूत हक्कांतच समाविष्ट करावा असा विचार झाला. आंबेडकर त्यास अनुकूल होते. सल्लागार समितीने तत्त्व मान्य केले, परंतु त्याची जागा मूलभूत हक्कांच्या प्रकरणाऐवजी संविधानाच्या निवडणूकविषयक भागात असावी असे ठरवले. या निर्णयाचे कायदेशीर परिणाम आजही जाणवतात. विभक्त मतदारसंघ नाकारण्यात आले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागांचा प्रस्तावही मागे घेण्यात आला आणि राखीव जागा अनुसूचित जाती व जमातींपुरत्या ठेवण्यात आल्या.

अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणावरून कोणालाही तीतून वगळता येत नाही. अनुच्छेद ३२६ नुसार अनिवास, मनोविकलता, गुन्हा किंवा निवडणुकीतील भ्रष्ट अथवा बेकायदेशीर आचरण एवढ्याच कारणांवरून कायद्याने अपात्रता ठरवता येते. निरक्षर जनतेच्या हाती मत देण्याविषयी काही सदस्यांनी शंका व्यक्त केली. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी समारोपाच्या भाषणात खेड्यातील माणसाच्या व्यवहारज्ञानावर विश्वास दाखवला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी एक इशारा दिला. राजकारणात प्रत्येकाचे मत समान मोलाचे ठरेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. ही विसंगती फार काळ टिकू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता.

पहिली मतदार यादी

प्रौढ मताधिकाराची तयारी संविधान पूर्ण होण्याआधीच सुरू झाली होती. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली सचिवालयाने १९४८ मध्ये प्रांत व संस्थानांना प्राथमिक मतदार याद्या तयार करण्यास सांगितले. फाळणीनंतर लाखो निर्वासित छावण्यांत राहत होते. नेहमीच्या निवासाची अट त्यांना लावली असती तर ते यादीबाहेर पडले असते. म्हणून एखाद्या ठिकाणी कायम राहण्याचा इरादा असल्याचे साधे निवेदन नोंदणीसाठी ग्राह्य धरण्यात आले.

दुसरी अडचण स्त्रियांच्या नावांची होती. उत्तर व मध्य भारताच्या अनेक भागांत स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगत नसत. त्यामुळे अमक्याची आई, तमक्याची पत्नी अशा नोंदी मोठ्या संख्येने झाल्या. २५ जानेवारी १९५० रोजी निवडणूक आयोग स्थापन झाला आणि मार्चमध्ये सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. मतदार हा स्वतंत्र नागरिक असून त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या नावानेच झाली पाहिजे, असा आग्रह आयोगाने धरला. नावे दुरुस्त करून घेण्यासाठी मुदत वाढवण्यात आली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद योग्य नावाने होऊ शकली नाही आणि ती वगळावी लागली. यांपैकी बहुतेक स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेशातील होत्या. या निर्णयाने लाखो स्त्रिया पहिल्या निवडणुकीस मुकल्या. परंतु पुढील यादीत स्त्रियांची नावे मोठ्या प्रमाणावर नोंदली गेली, असा त्याचा दुहेरी परिणाम झाला.

पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९५१–५२)

याद्यांसाठी १९५० चा आणि निवडणुकीच्या संचालनासाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा करण्यात आला. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात मतदान झाले. हिमाचल प्रदेशातील चिनी भागात बर्फ पडण्यापूर्वी, म्हणजे पहिल्याच दिवशी मतदान घेण्यात आले. तेथील शाळाशिक्षक श्याम सरण नेगी हे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जातात. मतदारांची एकूण संख्या १७ कोटी ३२ लाख होती. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. मतदानाचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते.

निरक्षर मतदाराला गुप्तपणे व स्वतंत्रपणे मत देता यावे यासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने मतपत्रिकेवर काहीही न लिहिता ती हव्या त्या पेटीत टाकायची होती. लाखो पोलादी मतपेट्यांपैकी मोठा भाग मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेज कारखान्यात तयार झाला, तर मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. दुबार मतदान रोखण्यासाठी बोटाला न पुसणारी शाई लावण्यात आली. स्त्रियांसाठी हजारो स्वतंत्र मतदान केंद्रे होती. एकाच मतपत्रिकेवर सर्व उमेदवारांची चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून रूढ झाली.

या निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. त्यांतील एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी राखीव असे. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले आंबेडकर उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

उशिरा मताधिकार मिळालेले प्रदेश

सार्वत्रिक मताधिकार देशभर एकाच दिवशी पोहोचला नाही. अंदमान-निकोबार व लक्षद्वीप या बेटांचे लोकसभेतील प्रतिनिधी १९६७ पर्यंत राष्ट्रपती नेमत असत. आजच्या अरुणाचल प्रदेशातील जनतेने लोकसभेसाठी प्रथम १९७७ मध्ये मतदान केले.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये तेथे विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, या प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळेपणासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून आधी राजीनामा दिला. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले.

आणीबाणी आणि निवडणुकांचे संरक्षण

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द ठरवली. त्यानंतर आणीबाणी जाहीर झाली आणि ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन छाननीबाहेर नेण्यात आली. नोव्हेंबर १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील संबंधित कलम रद्द केले. मुक्त व निःपक्षपाती निवडणुका हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे तत्त्व या निकालाशी जोडले जाते. लोकसभेची मुदत वाढवल्यामुळे १९७६ मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक मार्च १९७७ मध्ये झाली आणि तीत मतदारांनी सत्तापालट घडवला. ४२ व्या दुरुस्तीने सहा वर्षे केलेली लोकसभेची मुदत ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच वर्षे करण्यात आली.

नंतरच्या सुधारणा

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनी १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांच्या नियमित निवडणुका बंधनकारक केल्या आणि त्यांत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी दुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली असून तिचा लाभ जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांनंतर मिळावयाचा आहे.

टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत १९९३ पासून छायाचित्र असलेली मतदार ओळखपत्रे सुरू झाली. मतदान यंत्राचा पहिला वापर १९८२ मध्ये केरळमधील परूर मतदारसंघात झाला, परंतु कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील यंत्राद्वारे झालेले मतदान रद्द ठरवले. कायद्यात बदल झाल्यानंतर २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व मतदारसंघांत यंत्रांवर घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय उपलब्ध झाला. तृतीयपंथीयांना २००९ पासून यादीत ‘इतर’ अशी नोंद करता येऊ लागली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना घरून मतदानाची सोय देण्यात आली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक नोंदले गेले. लोकसभेच्या निवडणुकांत असे प्रथमच घडले.

मताधिकाराचे कायदेशीर स्वरूप

मत देण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून अनेकदा घेतली आहे. मात्र उमेदवाराची गुन्हेगारी व आर्थिक पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क न्यायालयाने २००२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला. २०१३ च्या निकालातही मतदानातून होणारी अभिव्यक्ती संरक्षित मानण्यात आली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ (५) नुसार तुरुंगात असलेल्या व्यक्तीला मत देता येत नाही. ही बंदी शिक्षा झालेल्यांबरोबरच खटला प्रलंबित असलेल्या कच्च्या कैद्यांनाही लागू होते, तर जामिनावर सुटलेली व्यक्ती मत देऊ शकते. जामीन भरण्याची ऐपत नसलेल्यांवर या तरतुदीचा भार अधिक पडतो, अशी टीका केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद वैध ठरवली आहे.

प्रलंबित प्रश्न

मतदार यादीत नाव येण्यासाठी व्यक्ती त्या मतदारसंघातील ‘सामान्य रहिवासी’ असावी लागते. स्थिर घर गृहीत धरणारी ही अट भटक्या-विमुक्त जमाती, बेघर आणि हंगामी स्थलांतरित यांना अडचणीची ठरते. बेघरांच्या बाबतीत निवासाच्या कागदोपत्री पुराव्याची सक्ती नसून अधिकाऱ्याने रात्रीच्या वेळी भेट देऊन खात्री करावी, अशी आयोगाची सूचना आहे. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे नाव वगळले जात नाही, पण मत देण्यासाठी गावी परतावेच लागते. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कुटुंबासह कारखान्यांच्या परिसरात जातात आणि महाराष्ट्र विधानसभेच्या अलीकडच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच झाल्या आहेत. मजुरी बुडवून परत येणे किंवा मत सोडून देणे, असे दोनच पर्याय त्यांच्यापुढे उरतात. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना मांडला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र अशा यंत्रांचा वापर झाला नाही.

मतांच्या समान मोलाचा प्रश्नही अनिर्णित आहे. १९७६ मध्ये राज्यांच्या लोकसभेतील जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेनुसार गोठवण्यात आली आणि ८४ व्या दुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्यावाढ रोखणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये हा त्यामागील हेतू होता. मात्र त्यामुळे निरनिराळ्या राज्यांतील खासदारांमागील मतदारसंख्येत मोठी तफावत निर्माण झाली आहे. २०२४ मध्ये देशातील नोंदणीकृत मतदारांची संख्या ९६ कोटींहून अधिक होती.